जावयाचा जुना फोन

माय,

काल तुझी नात पुण्याहून आली. आज सकाळी पिशवीतून तिचा जुना फोन काढून म्हणाली, "आई, हा तुझ्या स्वयंपाकघरात लावून देते. कॅमेऱ्यासारखा चालतो. तू पडलीस-झडलीस तर मला तिकडे दिसेल." मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी फोन परत पिशवीत टाकून गच्चीवर निघून गेली. तिचं काय चुकलं? हेच तर मी तुझ्याशी केलं होतं. तिला कारण सांगता येईना, म्हणून आज तुला लिहायला बसले आहे.

नाना गेल्यावर तू शिरपूरच्या घरात एकटी राहिलीस. जळगावला ये म्हटलं की तुझं ठरलेलं, "जावाईना घर कितला दिन ऱ्हाऊ?" मग एकदा तू न्हाणीघरात पाय घसरून पडलीस आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिलीस. यांनी तेव्हा नुकताच नवा फोन घेतला होता. जुन्याची बॅटरी गेलेली, चार्जरला लावला तरच चालायचा. तो मी तुझ्या फडताळात मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता तू मला शाळेत बसून दिसशील." तू विचारलंस, फोन कोणाचा? तुझ्या जावयाचा, मी म्हटलं. "मंग जावईबापू बी देखतीन का?" आणि मी बोलून गेले, "हो तर! त्यांनाही काळजी आहे ना तुझी." तुझा चेहरा असा फुलला, की संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गल्लीला झाली होती.

मधल्या सुट्टीत मी तुला बघायचे. तू कळण्याची भाकरी थापते आहेस, तवा उतरवते आहेस, आणि डोक्यावर पदर, पार कपाळापर्यंत ओढलेला. घरात एकटी असताना तू कधी पदर घेत नव्हतीस. मला वाटलं, वय झालं, देवधर्माकडे ओढा लागला. स्टाफरूममध्ये फोन फिरवून मी म्हणायचे, बघा आमची माय, म्हातारपणी नवी नवरी झाली आहे. सगळे हसायचे, पुरुष शिक्षकसुद्धा. हे लिहिताना आज माझे कान तापतात.

मग मे महिन्यात मी न कळवता आले. बाहेर डांबर वितळत होतं आणि गल्लीतली लाईट गेलेली. तू स्वयंपाकघरात फरशीवर पाय लांब करून बसली आहेस, पदर कमरेला खोचलेला, केस मोकळे, वाळवणाच्या बिबड्यांचं शिजलेलं गरम पीठ तेल घालून वाटीतून खाते आहेस आणि शेजारच्या अक्काशी खिदळते आहेस. इतकी मोकळी तू मला त्या फोनमध्ये कधीच दिसली नव्हतीस. मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात पंखा फिरला, फडताळात उजेड झाला आणि तू झटक्यात पाय दुमडून पदर डोक्यावर ओढलास. "लाईट उनी. जावईबापू देखतीन."

अक्का म्हणाली, "तुनी माय रोज लाईट जावानी वाट देखस."

एका वाक्याचं काम होतं. माय, कोणी बघत नाही, फक्त मी बघते, बस पाय पसरून. वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण तू मला पाण्याचा तांब्या देता देता अक्काला सांगत होतीस, "मना जावाई सोनं शे. पोटना पोरं बी इतली काळजी करतंस नही." ते ऐकलं आणि मी तांब्या तोंडाला लावला. भाकरी खाल्ली, संध्याकाळच्या एसटीने परत आले. फोन तिथेच राहिला. दिवाळीनंतर तू धुळ्याच्या दवाखान्यात गेलीस ती परत आलीच नाहीस. म्हणजे तो सगळा उन्हाळा, पावसाळाभर, चुलीच्या धगीपुढे, आपल्याच घरात तू सासरी असल्यासारखी राहिलीस.

नात गच्चीवरून खाली आली आहे, कोणाला लिहितेस म्हणून विचारते आहे. मी कागद हाताखाली झाकला. तिला तरी काय सांगू? तिच्या बापाच्या फोनमध्ये तो कॅमेरा बघायचं ॲप मी कधी घातलंच नव्हतं. घालून देऊ का, असं एकदा विचारलं होतं, तर पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, "मला काय करायचंय?" तुझी तब्येत कशी आहे, हे त्यांनी आपणहून एकदाही विचारलं नाही, माय. ते तुला कळू नये, माझा संसार तुझ्या नजरेत उतरू नये, म्हणून मी तुला त्या पदरात ठेवलं.