मागच्या कप्प्याचा कोरा रकाना

आज सकाळी आलेले सामान: जाड कागद सहा, बारा. काळ्या शाईची दौत एक, पंचवीस. लाख अर्धी कांडी, आठ. मेणकापड सव्वा हात, तीस. बाईंचे डोके ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला, फुकट. एकूण पंचाहत्तर. बेरीज दोनदा तपासली, हा दुसरा दाखला.

मी, वय एकोणऐंशी, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, देवाला स्मरून आणि कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहिते. आधी एक लिहिले होते. त्यात मुख्य गोष्ट नव्हती, म्हणून ते चुलीत घातले.

कलम १. धावपट्टीच्या कडेचे हे राहते घर व बँकेतील ठेव मुलाला. घर त्याने खुशाल विकावे. समोरच्या खोलीतला वजनकाटा मात्र त्यासोबत विकू नये.

कलम २. विमानातून काढलेली खुर्ची मोठ्या नणंदबाईंना. यजमान आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, यांनी सहा जणांचे जुने विमान घेतले आणि भाड्याने फिरवू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, आता भांडी घासायलाही आभाळात जाल का?" तीन विमाने झाल्यावर त्या खिडकीजवळची जागा मागू लागल्या. सगळे बुडाल्यावर पहिलेच वाक्य पुन्हा बोलल्या. खुर्चीला पट्टा आहे. तो फक्त कमरेला बांधता येतो, त्याला माझा इलाज नाही.

कलम ३. हत्यारांची पेटी आमच्या मेकॅनिकला. शेवटचे विमान भंगारात निघाले त्या दिवशी त्याच्या पंखाला हात लावून उभा राहिलेला तो एकटाच.

कलम ४. वजनाची वही भाऊजींच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला. हे कलम लांब आहे.

हे घरच कंपनीचे ऑफिस होते. रोगी, इंजिनियर, एकदा नवरदेवासकट वऱ्हाड, जे कोणी उडे ते आधी माझ्या काट्यावर चढे. माणसे किती, सामान किती, मागच्या कप्प्यात किती, हे मी वहीत मांडत असे. काही नसेल तिथे शून्यही काढत नसे. शाई कशाला दवडायची? विमान भाऊजी चालवत. परतले की ओळीच्या शेवटी सही करत. निघताना वही पाहत, कप्पा उघडून पाहत नसत. म्हणत, "वहिनींचं कोरं म्हणजे रिकामं."

त्या दिवशी ते एका रोग्याला आणायला एकटेच निघणार होते. यजमानांनी एका ठेकेदाराचा पंप मागच्या कप्प्यात चढवला. पुढे कोणी नसताना मागे ओझे घातले तर शेपूट जड होते, म्हणून भाऊजींनी आदल्या दिवशीच नाही म्हटले होते. चढवण्याआधी पंप मीच काट्यावर घेतला होता. दोनशे दहा किलो. यजमानांनी वजनाच्या चिठ्ठीवर लिहिले, "वहीत घेऊ नये." मी म्हटले, "मी खोटं लिहिणार नाही."

"अगं, मग लिहूच नकोस."

मी तो रकाना कोरा सोडला. मला वाटले, मी पापातून सुटले.

भाऊजींनी वही पाहिली आणि विचारले, "वहिनी, मागे काही नाही ना?" यजमान दारात उभे होते. मी म्हणाले, "वहीत आहे तेच."

विमान धावपट्टी संपता संपता उभे झाल्यासारखे वर गेले आणि पलीकडे पडले. चौकशीत यजमानांनी सांगितले की धाकट्याने वरकमाईसाठी परस्पर माल भरला. कोरा रकाना पुरावा म्हणून दाखवला. मी पदर तोंडाला लावून बसले होते. जाऊबाई मुलीला घेऊन निघाल्या तेव्हा गल्लीतले लोक त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कुजबुजले. गिऱ्हाईक तुटले, एकेक विमान गेले. शेवटच्या आजारपणात यजमानांनी एकदाच विचारले, "ती चिठ्ठी आहे का गं?" मी म्हणाले, "आहे." त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

चिठ्ठी वहीत त्याच पानावर टाचली आहे. अक्षर त्यांचे आहे. त्या ओळीच्या शेवटी सही नाही.

कलम ५. वजनकाटा. दुपारी सव्वाचारला, भाऊजींच्या परतण्याच्या वेळी, त्याचा काटा हलतो आणि बहात्तरवर थांबतो. भाऊजींचे वजन बहात्तर होते. मेकॅनिकने तेल घातले, उघडून पाहिले. म्हणाला, "काकू, यंत्रात काही दोष नाही." सव्वीस वर्षे मी रोज त्या वेळी म्हणते, "भाऊजी, सही करा." काटा उतरतो. वहीत काही उमटत नाही. पुतणीला काटा हवा असेल तर न्यावा, नको असेल तर माझ्यानंतर मोडावा.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले व साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. वाचताना मेकॅनिक रडला, डॉक्टरांनी खिडकी उघडली.

सही: घराची मालकीण
साक्षीदार १: डॉक्टर, सही
साक्षीदार २: मेकॅनिक, सही
स्थळ: समोरची खोली. दिनांक: नऊ नोव्हेंबर, दुपारी चार.

ता.क. बाळ, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तेवढा वेळ तुला थांबवण्याचा मला हक्क नाही. म्हणून कलम चार आजच अमलात आणते. चिठ्ठीसकट वही मेणकापडात बांधून, लाख लावून, या कागदाच्या नकलेसह पाठवत आहे. चौकशीवाल्यांना दाखव, गल्लीला दाखव, माझे नाव झाकू नकोस. तुझ्या बाबांनी काही चोरून भरले नव्हते. वर्षाला एक याप्रमाणे मी तुला पत्रे घातली, त्यांत हवापाणी लिहिले. तू उत्तर दिले नाहीस ते बरोबर केलेस. आता शिव्या दिल्यास तरी चालतील, पण वही हाती पडल्याचे उलटटपाली कळव.