वर केलेला हात

पुणे, ४ मार्च १९५७

चि. गं. भा. यशोदा हिस चिमाजीकाकाचे अ. उ. आ.

या पत्रात एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: लहान भागधारकाला कायद्याचे संरक्षण असले, की कंपनीची किंमत वाढते. तुझा दीर अर्जुनराव उलट समजतो. चिंचवडच्या तुमच्या लोखंड ओतण्याच्या कारखान्यात पैसा घालण्यापूर्वी मुंबईच्या शेटजींनी काय विचारले? विधवा भावजयीचा दहावा हिस्सा शाबूत आहे का. आज तिला लुबाडणारा उद्या आपल्यालाही लुबाडील, हे ते जाणतात. नव्या कंपनी कायद्याने दहाव्या हिश्श्याला कोर्टाची दारे उघडली, म्हणूनच ते येत आहेत.

तेव्हा कारखान्याची जमीन अर्जुनरावाच्या मेहुण्याच्या घशात घालण्याच्या ठरावाविरुद्ध सभेत हात वर कर. तुझा प्रतिनिधी म्हणून मी आलो असतो. परंतु प्रतिनिधीला हात वर करून मत देता येत नाही. जातीने जा. रडू मात्र नकोस. तू रडलीस, की अर्जुनरावाला कमी ऐकू येते.

ममता आहेच, ती वाढावी.
चिमाजी

कासारवाडी, १२ मार्च

ती. काकांस यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर शेजारच्या अंबुबाईंचे आहे. माझा उजवा हात मोडला. कारखान्यातच भरलेल्या सभेत तो वर केला, तेव्हा अर्जुनभाऊजींनी अगदी नम्रपणे खाली घ्यायला सांगितले. घेतला नाही. मग त्यांनी भट्टीची सळई उचलली. हाडाचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. साचेवाला कोंडाजी ओरडला, की बाईमाणसाला मारलेलं आमी खपवून घेणार न्हाई, आणि त्याने भाऊजींचे तोंड लोखंडी साच्यावर आपटले. दात वाळूत सांडले. सभा बघायला आलेले तुमचे शेटजी टोपी टाकून स्टेशनाकडे पळाले. कंपनीची किंमत वाढते कशी, ते मी डोळ्यांनी पाहिले, काका.

भाऊजींचा निरोप आहे, की हिस्सा लिहून द्या, नाहीतर दुसरा हात. डावा अंगठा शाबूत आहे. उठवू का?

माया आटू देऊ नये.
यशोदा

पुणे, १४ मार्च

चि. यशोदेस अ. उ. आ.

अंगठा उठवू नकोस. उद्या सकाळच्या गाडीने येतो. आधी पोलिसात फिर्याद, मग कोर्टात अर्ज. शेटजी लिहितात, की कोर्टाने तुला अभय दिले तर ते परततील. एरवी त्यांच्या लेखी तो कारखाना भंगार आहे. माझा सिद्धान्त टिकला.

चूक एक. प्रतिनिधीला हात वर करता येत नाही, एवढे वाचून मी थांबलो. त्याच कायद्यात पुढे आहे, की त्याला लेखी मतदान मागता येते आणि त्यात मतही देता येते. म्हणजे मी येऊ शकत होतो. त्या सळईखाली माझा हात असायला हवा होता.

चूक कबूल.
चिमाजी बाबाजी गराडे, वकील