नाताळला आमचं रेस्टॉरंट उघडं

२५ डिसेंबर १९८६, ट्रॉय (अमेरिका)

आज उघडं ठेवायला नको होतं. सकाळी सुधीरला म्हटलं तर म्हणाला, "आपला सण थोडाच आहे? बाकी सगळं बंद, आपली माणसं जेवायला येतीलच." नवऱ्याचा अंदाज खरा ठरला. दुपारपासून एक टेबल रिकामं नव्हतं. जोशीकाकू, त्यांचे पाहुणे, सगळे आपलेच. आणि वाढत होती लिंडा, आमची एकुलती एक वेट्रेस. सण तिचा.

येताना तिने आमच्यासाठी घरी केलेल्या कुकीज आणल्या, फॉइल लावलेल्या ताटलीत. ताटली काउंटरवर ठेवली आणि एप्रन बांधला. मी नुसतं थँक यू म्हटलं. घरी जा, असं म्हणता आलं असतं की. मधेच किचनमधल्या फोनवर मुलांना सांगत होती, मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या. जोशीकाकूंनी मला विचारलं, "हिला आज सुट्टी नाही का गं?" मी पापड आणायच्या निमित्ताने आत गेले.

लक्ष्मीपूजनाला हिनेच आचाऱ्याबरोबर सगळं सांभाळलं होतं, आम्ही दोघांनी घरी पूजेला बसावं म्हणून. आम्ही मागितलंही नव्हतं. तीच म्हणाली होती, तुम्ही जा. काउंटरवरची पणतीसुद्धा विझू दिली नव्हती तिने.

निघताना कोट घालत तिने विचारलं, "पुढच्या दिवाळीलाही मीच सांभाळू ना?" टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

सुधीर लगेच म्हणाला, "ऑफ कोर्स."

ताटली घरी आणली आहे. फॉइल अजून कुणी काढलेलं नाही.