मागच्या सीटवरचे साहेब

३ नोव्हेंबर, सकाळी ७

धप्प.

पंचवीस वर्षांपूर्वीचा आवाज, पण कानात अजून ताजा. सकाळी साडेनऊला साहेबांची गाडी ऑफिसच्या पायरीशी थांबे आणि तिचं मागचं दार मिटे. खडाड् नाही, ठण् नाही. धप्प. जाडजूड शब्दकोश मिटावा तसा. आवक-जावकच्या टेबलाशी मी आपोआप उभा राही. फोनवर बोलणारे आवाज खाली आणत. शाळेत कवितेच्या तासाला गुरुजी डोळे मिटून पहिली ओळ म्हणायच्या आधी वर्ग असाच गप्प होई.

काल संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या आवारात तोच आवाज ऐकला. तशीच गाडी नव्हे, तीच. निळी-सावळी, लांबलचक, मागे ऐसपैस पाय पसरायला जागा, वाचायला छोटा दिवा. दलालाला विचारलं, ही एका मोठ्या कंपनीच्या साहेबांची ना? म्हणाला, असेल की. म्हटलं, साहेबांना जाऊन दहा वर्षं झाली असतील. म्हणाला, झालीच असतील. म्हटलं, फार जपून वापरत. म्हणाला, काका, तुम्ही म्हणताय म्हणजे वापरतच असणार. इतका सरळ दलाल विरळा.

घेऊन टाकली. हिला योग्य वेळ पाहून सांगेन.

३ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

हिने खिडकीतून पाहिली. योग्य वेळ टळली.

४ नोव्हेंबर

हिचं म्हणणं, ज्या माणसाला सायकलवरून उतरताना भिंत लागते त्याने एवढं धूड कशाला आणावं? शांतपणे उत्तर दिलं, थोरलीसाठी. 

थोरली म्हणजे हिची मोठी बहीण. वय ऐंशी. एकटी राहते, गाडीने चार तासांवर. डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय. जिभेबद्दल डॉक्टरांची काही तक्रार नाही. ही महिनाभर मागे लागली होती, ताईला एकदा डोळे भरून बघून येऊ, मग काय व्हायचं ते होवो. बसची तिकिटंही काढून ठेवली होती. ती मी आज परत केली. रविवारी स्वतःच्या गाडीने जायचं. ही मागे पाय लांब करून बसेल, मी चालवीन. शब्द दिला.

हिने थोरलीला फोनवर कळवलं. तिकडून काय उत्तर आलं ते मला सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर

पहाटे कविता झाली. भुजंगप्रयात.

निळी सावळी थोर गाडी मिळाली
जणू राजयाची सवारी निघाली

हिला म्हणून दाखवली. म्हणाली, मिळाली इथवर ठीक आहे, निघाली कुठे?

तिसरी ओळ सुचत नाही. वृत्त कडक आहे.

८ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.४०

प्रस्थान आठला. ही न्हाऊन तयार. म्हटलं, आधी कोपऱ्यापर्यंत इंजिन तापवून आणतो.

सकाळी ७.१५

नीट लिहिलं पाहिजे.

कोपऱ्यावर वळताना मागचा वाचायचा दिवा आपोआप लागला. मग मागची डावी काच खाली आली. चार बोटं. चारच. साहेब सिगारेटच्या राखेसाठी डावी काच चार बोटं उघडी ठेवत. ही गोष्ट ऑफिसात मला आणि ड्रायव्हरलाच ठाऊक होती.

आरशात पाहिलं. कोणी नाही. पण सीटच्या कातड्यात एक खळगा. माणूस बसून बसून पडतो तसा. गार वारा मानेवर आला. घसा खाकरून म्हटलं, गुड मॉर्निंग सर. उत्तर नाही. ऑफिसातही देत नसत.

साहेबांना न विचारता चार तास कुठे नेणार? घरी परतलो. हिला सांगितलं, इंजिन तापलं नाही. ती म्हणाली, पुढच्या रविवारी तापेल? म्हटलं, नक्की.

१० नोव्हेंबर

हिच्या हट्टामुळे गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. दार खोलून म्हणाला, काका, बटनात पाणी गेलंय, म्हणून काच पडते. दिव्याची वायर घासलीये. अर्ध्या तासाचं काम. आणि ही घासलेली वायर अशीच ठेवलीत तर एक दिवस बॅटरी झोपवेल बघा.

म्हटलं, राहू दे. म्हणाला, राहू दे म्हणजे? म्हटलं, ज्यांना लागतो त्यांना लागतो. त्याने हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे.

जाताना डिकीच्या झाकणाखालचा जुना कागद वाचून म्हणाला, गाडी पहिल्यापासून दातांच्या डॉक्टरची दिसते. कंपनी-बिंपनी काही नाही.

रात्रभर विचार केला. साहेबांनी उतारवयात दात काढले होतेच. ते याच डॉक्टरकडे काढले असणार. मन शांत झालं.

१२ नोव्हेंबर

संकल्प. १) रविवारी थोरलीकडे जायचं म्हणजे जायचं. २) तोवर रोज साहेबांना अर्धा तास फिरवायचं, म्हणजे त्यांची ना राहणार नाही. ३) चौकात इंजिन बंद पडलं तर मागच्यांच्या भोंग्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

आज चौकात तीनदा बंद पडलं. मागच्या टेम्पोवाल्याने उतरून विचारलं, आजोबा, लग्नाची वरात आहे का? लक्ष दिलं नाही. मागे साहेब होते म्हणून, नाहीतर दिलं असतं.

१४ नोव्हेंबर

ही गोष्ट कधी लिहिली नव्हती. आज लिहून टाकतो. डोकं हलकं होईल.

हिचे वडील अत्यवस्थ असल्याचा फोन ऑफिसात आला तो दिवस. ही पिशवी घेऊन तडक ऑफिसच्या दाराशी आली. शेवटची बस पावणेसहाची. घड्याळात साडेपाच. साहेब घरी निघाले होते. त्यांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, या, स्टँडवर सोडतो.

हिने एक पाय आत टाकलाही होता. मी म्हणालो, नको साहेब, आम्ही चालत जाऊ. माझ्या चपलांना चिखल होता. आत पायाखाली करड्या रंगाचा गालिचा.

हिने पाय मागे घेतला. धप्प.

स्टँडवर पोचलो तेव्हा बस वळणावर दिसत होती. पाठमोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तोवर उशीर झाला होता. थोरली दारात उभी होती. तिने हिला जवळ घेतलं, माझ्याकडे बघून म्हणाली, मेहुणे, या. बाकी काही नाही.

नीट विचार केला तर ती बस मिळूनही उपयोग नव्हता. पंक्चर झाली असती. त्या काळी बसगाड्या फार पंक्चर होत. ही त्या विषयावर आजवर एक अक्षर बोललेली नाही. विसरली असणार.

१५ नोव्हेंबर, रविवार

आठ वाजून पाच मिनिटं. ही पिशवी, पाण्याची बाटली, थोरलीसाठी विणलेला स्वेटर घेऊन उभी. मागचं दार उघडायला गेली. मी म्हटलं, मागे नको, पुढे बस. म्हणाली, पाय लांब करीन ना, तुम्हीच म्हणाला होतात. म्हटलं, मागे... मागे जरा अडचण आहे.

तिने वाकून आत पाहिलं. रिकामी सीट. जळता दिवा. म्हणाली, कसली? मी पुढचं दार उघडून धरलं. पुढे बसली, पिशवी मांडीवर, गुडघे छातीशी.

पेट्रोल पंपापर्यंत छान गेलो. तिथे काच चार बोटं उतरली. मी आपोआप उतरून मागचं दार उघडून उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. पंपवाला म्हणाला, कोणी उतरणार आहे का? मग मी दार मिटलं. धप्प. ही समोरच्या काचेतून सरळ बघत होती. म्हणाली, घरी चला.

चूक गाडीची नाही. तिला अजून माणसांची सवय नाही.

१८ नोव्हेंबर

दुपारी थोरलीचा फोन. हिने फोन स्पीकरवर लावला, मला ऐकू जावं म्हणून. थोरली म्हणत होती, अगं, दोन रविवार दारात खुर्ची टाकून बसले. तुझ्या नवऱ्याची गाडी यायच्या आधी यम येऊन जाईल. त्याला तरी रस्ता पाठ असतो.

ही हसली आणि मग हसता हसता थांबली. थोरलीला धाप लागत होती. फोनमधून सगळी ऐकू आली.

रविवारी म्हणजे रविवारी. आता साहेबांशी स्पष्ट बोलायचं.

१९ नोव्हेंबर

बोललो. पुढच्या सीटवर बसून, मागे न बघता. म्हटलं, सर, रविवारी एक दिवस रजा हवी होती. घरगुती कारण. पंचवीस वर्षांपूर्वी मागायला हवी होती. आणि त्या दिवशी तुम्ही दार उघडलं होतंत, मी नको म्हटलं, ते चिखलामुळे. तुमच्याबद्दल काही नव्हतं.

दिवा फडफडला. मंजुरी समजलो.

मागे वळून पाहिलं तर काचेबाहेर ही उभी होती. हातात चहाचा कप. सगळं ऐकलं असावं. कप बॉनेटवर ठेवून आत गेली.

२० नोव्हेंबर

थोरली फोन उचलत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ही म्हणते, असं कधी होत नाही. मी म्हटलं, कान मंद झाला असेल. म्हणाली, परवापर्यंत तर चांगला होता.

२१ नोव्हेंबर

आजही नाही. तिचे शेजारी गावाला गेलेत. ही जेवली नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. म्हटलं, उद्या पहाटे सहा वाजता, शब्द. म्हणाली, तुमचे शब्द पुष्कळ झाले.

संध्याकाळी गाडी धुतली, पुसली. मागचा दिवा जळत होता. विझवायला हात नेला आणि थांबलो. साहेब वाचत असतील. वाचणाऱ्याचा दिवा विझवू नये, हे शाळेत शिकलो.

२२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.०५

किल्ली फिरवली. टक्.

पुन्हा टक्. मग तेही नाही.

मागचा दिवा विझला होता. रात्रभर जळून. गॅरेजवाल्याला फोन केला. झोपेतच म्हणाला, सांगितलं होतं ना काका.

सकाळी ७.३०

ही आठच्या बससाठी निघून गेली. म्हटलं, स्टँडवर सोडायला येतो. म्हणाली, नको. चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, त्या दिवशी मी एक पाय आत टाकला होता.

म्हणजे विसरलेली नव्हती.

फोन आमच्यात एकच. तो टेबलावर ठेवून म्हणाली, ताईचा आलाच तर उचला. आणि नाही आला तर मला काय दिसेल ते मी एकटी बघेन.

सकाळी ११

गाडीत जाऊन बसलो. पहिल्यांदाच मागे. खळग्यात. बरोब्बर मापाचा आहे, पण माझ्या. इथे साहेब नाहीत. बटनात पाणी गेलेलं आहे, एवढंच. तरी उतरायचं धैर्य होईना. घरात गेलं की फोन दिसतो. तो वाजत नाही आणि वाजला तर काय सांगेल, या भीतीने तासभर तिथेच बसलो.

दुपारी १.४०

स्वयंपाकघरातून लिहितो आहे. उभ्यानेच.

दीडला दार वाजलं. दोन ठोके, मग एक काठीचा. उघडलं.

दारात थोरली.

मी सगळं समजलो. हिला उशीर झाला. पुन्हा झाला. आणि थोरली निरोप घ्यायला आधी माझ्याकडे आली आहे, कारण जबाबदार मी. आधी पाय पाहिले. सरळ होते. टाचांना धूळ. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, तोंडावर थकवा. हात जोडून म्हटलं, ताई, मला क्षमा करा. म्हणाली, मेहुणे, क्षमा नंतर, आधी वाटेतून बाजूला व्हा, पाय मोडलेत माझे.

आत येऊन खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली. भुताने खुर्ची करकरत नाही.

तिचा फोन चार दिवसांपूर्वी बादलीत पडला. दुसरा कोण आणून देणार? खुर्ची टाकून दारात बसायचा कंटाळा आला. म्हणाली, म्हटलं तुमची गाडी येत नाही तर आपणच जाऊ, एकदा बहिणीला बघून घेते, मग जे व्हायचं ते होवो. सकाळची बस पकडली. सगळ्यात मागची सीट मिळाली, हाडं खिळखिळी झाली. पण आले. आता हाक मारा तिला.

घड्याळात पावणेदोन. हिची बस तिकडे एव्हाना पोचली. ही त्या दारासमोर उभी असेल. दाराला कुलूप. फोन न उचलणारी बहीण, बंद घर, शेजारी गावाला. विचारायला कोणी नाही. काय वाटत असेल तिला, ते मला इथे उभ्याउभ्या ऐकू येतंय.

चहाचं पाणी तिसऱ्यांदा उकळलं. कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. गेल्या वीस दिवसांत भरपूर तयार केली. पण सगळी हिच्या मापाची. थोरलीला एकही बसत नाही.

बाहेरून काठी जमिनीवर आपटली. मेहुणे, बहीण कुठाय माझी?

जातो.