अण्णाजींनी पुरात मारलेली उडी

पिपरी मेघे, वर्धा

आदरणीय देवेंद्रभाऊजींना नरहरचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? लीनाताईची कंबर कशी आहे? इकडे सगळे बरे आहेत आणि मी तर जरा जास्तच बरा आहे, कारण भाऊजी, तुमचा मेहुणा पुन्हा कथा लिहू लागला आहे.

मधली वर्षं किती कोरडी गेली हे तुम्हाला माहीतच आहे (ताईनं सांगितलं नसेल असं होणार नाही). टेबल खिडकीशी नेलं, भिंतीशी नेलं, नवा चष्मा केला, शाळेतून निवृत्त झालो, तरी एक वाक्य सुचेना. शेवटी माधवीनं त्या टेबलावर मुगाच्या वड्या वाळत घातल्या आणि मी मुकाट्यानं त्या राखत बसू लागलो. तरीही, एके काळी दिवाळी अंकात छापून आलेला माणूस म्हणून, कॉलनीत कुणाची तेरवी असली की जेवणाआधी दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडेच येतं.

गेल्या महिन्यात शेजारचे अण्णाजी वारले. माणूस देवासारखा, पण सांगण्यासारखं काही नाही. कचेरीत गेले, घरी आले, तुळशीला पाणी घातलं, झालं. त्यांच्या मुलाला, रुपेशला, एखादी आठवण विचारली तर बिचारा बराच वेळ विचार करून म्हणाला की बाबा मेथी छान निवडायचे. एवढ्यावर मी काय बोलणार? उभा राहिलो, समोर पंगत बसलेली, आणि कुठून कोण जाणे, तोंडातून निघून गेलं की अण्णाजींनी तरुणपणी पुरात उडी मारली होती. पुढचं सगळं आपोआप येत गेलं. वर्धा नदीचं लाल पाणी, बाभळीच्या खोडाला धरून वाहत आलेलं लहानगं पोर, अण्णाजींचं धोतर दगडात अडकणं (ते धोतर नेसत नसत, पण पुरात पँट शोभत नाही). वाढपी बुंदीची बादली घेऊन जागीच उभा. भुकेली माणसं पत्रावळीकडे पाहीनात. कारंज्याहून आलेले त्यांचे व्याही प्रेमदासजी चक्क रडले. रुपेश माझा हात धरून म्हणाला, "बाबानं आम्हाले कधी सांगितलंच नाई जी." मला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला. भरली पंगत थांबवणारी कथा भल्याभल्यांना साधत नाही.

त्या दिवसापासून लेखणी थांबत नाही. वड्या आता गच्चीवर जातात. पुराची कथा नावं बदलून कागदावर उतरवली, दुसरी अर्ध्यावर आली आहे, आणि माधवीनं (जी माझं लेखन वाचताना हटकून गॅस बघायला उठते) पहिली कथा बसल्या जागी संपवली. ताईला हे अवश्य सांगा.

तुमचा मेहुणा (आणि कथालेखक),
नरहर

ता. क. त्या तेरवीत मागून कुणीतरी विचारलं, पोराचं नाव काय होतं? ऐन वेळी माझ्या तोंडी तुमचं आलं. येत्या रविवारी रुपेशनं घरीच कार्यक्रम ठेवला आहे. अण्णाजींच्या फोटोला तुमच्या हातून हार आणि मग तुमचे दोन शब्द. आर्वीहून सकाळच्याच एसटीनं निघा. कॉलेजात पोहण्याची ढाल मिळवली होती, ते तेवढं तिथे काढू नका.

ता. ता. क. नाही म्हणण्याआधी एवढं वाचा. काल अण्णाजींच्या पत्नी जिजाबाई आल्या. मला वाटलं, आता आपलं पितळ उघडं पडणार. त्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे तर विहिरीत वाकून पाहाले भेत होते. पन नातीनं आजोबाचा फोटो आपल्या खोलीत नेऊन लावला. जिते होते तवा त्यायले कोनी एवढं इचारलं नाई. त्या पोराले नक्की आनजा. त्यायनं त्याले कसं वाचवलं, मलेबी आयकाचं हाय."