आईच्या वितीचं टेबल

ता. ४ मार्च

ती. दादास,
सलाम वि. वि. काल दवाखान्यातून घरी आले. पोटातले खडे डॉक्टरांनी काढले आणि दुकानातलं बेतायचं टेबल तू काढलंस. शेजारीण म्हणाली, की तू हातगाडी घेऊन आलास आणि बदल्यात प्लायवूडचं एक टेबल ठेवून गेलास. किल्ली तुला कुंड्यांना पाणी घालायला दिली होती. कुंड्या वाळल्यात.

ते टेबल बाबांनी आईसाठी केलं होतं. तिला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिच्या विती आणि बोटं मोजून त्यांनी काठावर खाचा पाडल्या. माझा पंजा नेमका तिच्याएवढा. वीस वर्षं मी त्या खाचांवर कापड बेततेय. गळ्यातली टेप केवळ गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून. शनिवारच्या आत टेबल जागेवर हवं.

लोभ आहे की नाही, ते टेबल आल्यावर कळवीन.
कात्री

ता. ७ मार्च

चि. कात्रीस,
अ. आ. बाबांनी तुला हे नाव जिभेवरून दिलं, शिवणावरून नाही, हे पुन्हा एकदा पटलं. टेबल मी विकलेलं नाही. चर्चला प्रभुभोजनासाठी टेबल हवं होतं आणि तसलं लाकूड हल्ली मिळत नाही. सगळीकडून रंधा मारून काठ छान गुळगुळीत केलेत. येत्या रविवारी पाळकसाहेब ते देवाला अर्पण करतील. त्या दिवशीचं बायबलवाचनही माझ्याकडेच आहे.

देवाच्या कामात आडवी येऊ नकोस. नवं टेबल मजबूत आहे, सवय होईल.

पत्र पाठवत जा, जरा गोड भाषेत.
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सलाम, तोही पद्धत म्हणून.

काठाला रंधा मारलास! तिचा हात एवढाच उरला होता माझ्याकडे, तोही तू भुशात घालवलास. कालपासून एक सदरा तीनदा बेतला, तिन्ही वेळा खांदा उतरला. मला तुझा राग येतो, दादा, आणि तो जावा असंही वाटत नाही.

आणि देवाला मध्ये घालू नकोस. शौल राजानेही तेच केलं होतं. शमुवेलाचं पहिलं पुस्तक, पंधरावा अध्याय. मोठ्याने वाच, तुला स्वतःचा आवाज आवडतो.

तुझी बहीण, नाइलाजाने

ता. १३ मार्च

चि. कात्रीस,
अ. आ. तुझी जिरवायला म्हणूनच तो अध्याय उघडला. शौलाच्या बाजूने एखादं तरी वाक्य सापडेल, अशी आशा होती. देवाने लढाईतल्या लुटीतलं काहीही राखू नकोस म्हणून बजावलेलं, आणि हा निवडक मेंढरं मागे ठेवतो. वर सांगतो, देवालाच वाहायला आणलीत. शमुवेल संदेष्टा विचारतो, की मग ही बें-बें कसली ऐकू येतेय. तिथे माझा आवाज बसला. रंधा समोरच पडला होता.

बळी देण्यापेक्षा सांगितलेलं ऐकलेलं देवाला आवडतं, हे मी मंडळीला कितीदा तरी वाचून दाखवलंय. चोरी करू नको, एवढं साधं त्याने सांगितलेलं, आणि मी चोरलेलंच त्याच्यापुढे मांडायला निघालो होतो.

पाळकसाहेबांना आणि चर्चच्या पंचांना सगळं सांगितलं. मान खाली गेली ती अजून वर आलेली नाही, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर चिडलेलो आहे. टेबल उद्या पोहोचेल. देवाने सांगितलं म्हणून पाठवतोय, तू सांगितलंस म्हणून नाही. काठावर टेप लावून बरोबर नऊ-नऊ इंचांवर खाचा पाडल्यात. आता तरी तोंड मिटून काम कर.

दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,
सलाम वि. वि. टेबल पोहोचलं. खाचा सगळ्या चुकल्यात. आईची वीत आठ इंचांचीसुद्धा नव्हती. एवढा मोठा सुतार, आणि माप न घेताच कामाला लागलास. देवाचं ऐकायला शिकलास, पण माणसाला विचारायचं तुला अजून जमत नाही.

मी चिडलेलीच आहे आणि बरेच दिवस राहीन. पण टाके ओले आहेत, मला तुझ्या कारखान्यात येववणार नाही. मंगळवारी दुकान बंद असतं, तेव्हा तूच ये. मी काठावर पंजा ठेवत जाईन, तू खाच पाडत जा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

लोभ आहे. पटाशीला धार लावून आण.
कात्री