तिन्ही काचा अखंड

धरणावरचा तळ, सार्डिनिया
३० जून १९८४

ती. ऑर्तेन्सिया आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. याही उन्हाळ्यात शाळेने तुझ्याकडे विद्यार्थिनी पाठवली. ती फिनलंडची आहे आणि सात आठवडे राहून इटालियन शिकणार आहे, हे कळलं. तुला सोबत झाली, बरं वाटलं. पण तिची खोली आणि तुझी खोली यांच्या मधल्या भिंतीबद्दल मला पुन्हा लिहायला हवं.

ईस्टरला मी त्या भिंतीच्या भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टरने बसवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. एवढ्याशा काचेने भिंत कशी तोलणार, असं तू तेव्हा विचारलं होतंस. ती तोलण्यासाठी नाहीच. काच ताणली जात नाही. भिंत केसभर सरकली तरी पट्टी तडकते. तिचं काम तेवढंच आहे. पट्टी तडकली की त्याच दिवशी मला कळवायचं आणि तुम्ही दोघींनी वरच्या मजल्यावर झोपणं बंद करायचं.

मे महिन्यापासून तुमच्या डोंगरात लहान हादरे बसताहेत. दर शनिवारी काचा बघ आणि एक ओळ लिही. उगाच भीती घालायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

प्रकृतीला जप. लोभ आहे तसाच ठेव.
तुझी,
फ्लाविया


मोन्तेकार्वो
७ जुलै

चि. फ्लावियास,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही काचा अखंड आहेत. झालं समाधान?

आता माझं ऐक. मुलीचं नाव आयनो. बावीस वर्षांची, उंच, बोलायला तुझ्यासारखीच काटकसरी. टोमॅटो सफरचंदासारखा चावून खाते. पहिल्याच दिवशी खोली बघायला आली आणि गवती टोपी काढून सरळ माझ्या पलंगावर ठेवली. मी टोपी उचलून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, पोरी, पलंगावर टोपी ठेवतो तो पाद्री, आणि तोसुद्धा माणसाचा शेवटचा श्वास चालू असताना. तिला निम्मंच कळलं, पण तिने ते वहीत लिहून घेतलं. पाव उलटा ठेवू नये, तेही लिहिलं. ओल्या केसांनी दारात उभं राहू नये, तेही. शाळेत क्रियापदं शिकते, बाकीचं माझ्याकडे.

ती बया दोनदा येऊन गेली. कपाटातल्या कपांनी किणकिणून कळवलं. मी तिचं नाव घेत नाही, तूही पत्रात घेत जाऊ नकोस. अरिष्ट टळावं म्हणून आम्ही लोखंडाला हात लावला आणि कामाला लागलो.

नेल्लोच्या बारमध्ये कोणीतरी म्हणालं, म्हातारीला भाचीकडे पाठवून द्या. नेल्लो म्हणाला, तिकडे नेऊन कुंडीत लावणार का? मी या घरात लग्न होऊन आले. तुझे आतोबा त्याच पलंगावर गेले. नगरपालिकेने धोक्याचं घर म्हणून एकदा दाराला सील ठोकलं की ते माझ्या हयातीत निघायचं नाही. शेजारच्या गावात बघितलंय मी.

तू लोकांच्या भिंती मोजत बसतेस, सत्तावीस वर्षांची झालीस, तुझ्या घराच्या भिंती कधी उभ्या राहणार? असो. पोटभर जेव. लोभ भरपूर आहे, पत्रं तेवढी लांब लिही.
तुझी आत्या


सार्डिनिया
१५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वेधशाळेच्या नोंदीप्रमाणे गेल्या आठवड्यात तुमच्या भागात एकोणीस हादरे झाले. ईस्टरला भेग दीड मिलिमीटर होती. एकोणीस हादऱ्यांनंतर तीनपैकी एकही पट्टी तडकू नये, हे शक्य आहे, पण मला पटत नाही. म्हणून काल नेल्लोच्या बारमध्ये फोन केला. तू सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालीस की काचा अखंड आहेत आणि माझ्यासाठी स्थळं बघायला हवीत. मागे लोक हसत होते. मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही.

एक सुचवते. आयनोला लिहिण्याचा सराव हवा असेल तर तिने मला पत्र लिहावं. घरात काय काय आहे, दिवस कसा जातो, एवढंच. मी चुका दुरुस्त करून परत पाठवीन.

काळजी घे. पत्राची वाट बघते.
तुझी,
फ्लाविया


मोन्तेकार्वो
२१ जुलै

आदरणीय फ्लावियाताईंस,
सप्रेम नमस्कार.

मी आयनो. बाईंनी सांगितलं म्हणून मी तुम्हाला पत्र लिहिते. कृपया चुका दाखवाव्यात.

घर जुनं आणि सुंदर आहे. खाली स्वयंपाकघर आहे. वर दोन खोल्या आहेत. सकाळी मी शाळेत जाते. दुपारी आम्ही जेवतो, मग बाई झोपतात आणि मी शब्द पाठ करते. रविवारी बाई लाटण्याने शेवया लाटतात. माझ्या शेवया जाड होतात. बाई म्हणतात, या शेवया नाहीत, चामड्याचे पट्टे आहेत.

शनिवारी बाई नवीन काच लावतात. त्यांचे यजमान खिडक्यांच्या काचा बसवायचे, त्यांचा काच कापायचा हिरा अजून आहे. बाई फार छान काच कापतात. मग जुन्या काचेवरची तारीख नव्या काचेवर लिहितात. मी विचारलं, रोज का नाही? त्या म्हणाल्या, मोडेल तेव्हा. फुटकी काच घरात दिसू देऊ नये, सात वर्षं वाईट जातात. मोडलेल्या काचा खणात रुमालात बांधलेल्या आहेत. मी मोजल्या. अकरा आहेत.

मी आले तेव्हा भिंतीच्या भेगेत माझं नख जेमतेम जात होतं. आता करंगळी जाते. वारा येतो, म्हणून मी तिथे मोजा कोंबला आहे.

कधी कधी घर हलतं. तेव्हा सगळे लोखंडाला हात लावतात. मी विचारलं, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? बाई म्हणाल्या, तो शब्द तुला लागणार नाही.

मी इथे आनंदात आहे. आपली कृपा असावी.
आपली नम्र,
आयनो


तार
सार्डिनिया, २६ जुलै
आयनोसाठी, शाळेच्या पत्त्यावर, हाती द्यावी

पत्र आज मिळालं. दोन चुका आहेत, त्या नंतर. शब्द आहे भूकंप. भिंत पडणार आहे, कधी ते सांगता येत नाही. आजपासून तुम्ही दोघींनी वर झोपू नये, दुपारीसुद्धा नाही. बोटींचा संप आहे, विमानं भरलेली आहेत, मला ६ ऑगस्टच्या आधी पोचता येत नाही. बंबवाल्यांना फोन करून पाठवलं होतं. आत्याने त्यांना अखंड काचा आणि ईस्टरची तारीख दाखवली, कॉफी पाजली, ते परत गेले. नगरपालिकेचा अभियंता सुट्टीवर आहे. माझा फोन आत्या ठेवून देते. मोजमाप ती मानत नाही. ती काय मानते ते माझ्यापेक्षा तुझ्या वहीत जास्त असेल. तिला बाहेर काढ. फ्लाविया


मोन्तेकार्वो
२ ऑगस्ट

चि. फ्लावियास,
आशीर्वाद.

हे पत्र पोचेपर्यंत तू तिथून निघालेली असशील. परत गेल्यावर वाच. समोर बसून मला हे सांगता यायचं नाही.

गेल्या शुक्रवारी जेवण झाल्यावर मी आडवी व्हायला वर गेले, तर माझ्या पलंगावर, बरोबर उशीवर, गवती टोपी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत लिहिलं होतं. मी खालपर्यंत ऐकू जाईल असं बोलले तिला. ती आपली उभी, तोंड पांढरं. तिकडच्या लोकांच्या डोक्यात काही टिकत नाही, असंही मी म्हणाले. ते म्हणायला नको होतं.

त्या पलंगावर पाद्रीने पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय मी पाठ टेकणार नव्हते. आणि आमचे पाद्री गावातली मुलं घेऊन समुद्रावर गेलेले, गुरुवारी परतायचे. त्या खोलीतच काय, त्या मजल्यावर मला राहवेना. नेल्लोने बारमागची कोठी रिकामी करून दोन खाटा टाकल्या. मी पोरीला म्हटलं, तूही चल, अशा घरात एकटीला ठेवणार नाही. ती इतक्या पटकन निघाली, मला वाटलं लाज वाटली असेल.

काल, बुधवारी, दुपारी पावणेतीनला ती बया आली. या वेळी कपांनी कळवलं नाही, कपच राहिले नाहीत. भिंत दोन्ही बाजूंना कोसळली. माझ्या खोलीत आणि तिच्याही. पलंगाचे लोखंडी पाय दिसतात, त्यावरून तो कुठे होता ते कळतं. ती वेळ माझ्या झोपेची. बंबवाल्यांतला तोच पोरगा आला होता, ज्याने कॉफी प्यायली. माझ्याकडे बघवेना त्याला.

काचा मी बदलत होते. तू ओळखलं असशील. दर वेळी वाटायचं, ही टिकेल. टिकली की मी खोटं बोललेच नाही, असं होईल. मला भिंतीची भीती नव्हती असं नाही, फ्लाविया. सीलची जास्त होती. आणि माझ्या भिंतीपलीकडे दुसऱ्या कुणाची लेक झोपत होती.

रागव, पण येत जा.
तुझी आत्या

ता. क. पोरीला मी बोलले त्याबद्दल माफी मागितली. विसरभोळेपणाने का होईना, जीव वाचवलास म्हणाले. ती रडली.


मोन्तेकार्वो
१८ ऑगस्ट

प्रिय फ्लावियाताईंस,
सप्रेम नमस्कार.

उद्या मी निघते. बाई आता शाळेच्या तळमजल्यावर राहतात आणि नव्या विद्यार्थ्यांना शेवया शिकवतात. घराला सील आहे. त्या रोज संध्याकाळी दारापर्यंत जातात, कुलूप हलवून बघतात, परत येतात.

तुम्ही आलात तेव्हा माझ्या पत्रातल्या दोन चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून दिल्यात. दुसरं काही विचारलं नाहीत. बाई सगळ्यांना सांगतात की आयनो विसरली. मी त्यांना तसंच सांगू देते. तुम्हीही सांगू द्या.

पण तुम्हाला खरं कळायला हवं. टोपीचा नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे. तार वाचली तेव्हा वाटलं होतं, सोपं आहे, गवताची टोपी आहे, पलंगावर ठेवायची आणि खाली यायचं. आमच्याकडे टोपी कुठेही ठेवतात. मग मी उशीजवळ उभी राहिले आणि हात पुढे जाईना. त्या भिंतीपेक्षा मला टोपीची भीती वाटत होती. त्या पलंगावर बाई झोपतात, आणि मी त्यावर मरण ठेवत होते. मी दोनदा खाली येऊन परत वर गेले. तिसऱ्यांदा ठेवली, आणि दाराच्या कडीला, लोखंडाला, हात लावला.

ती टोपी ढिगाऱ्यात सापडली. मी ती घरी नेत नाही. बाईंनी मागितली होती, त्यांनाही दिली नाही.

या पत्रात चुका असतील तर राहू द्याव्यात. बाईंना सांभाळा, आणि मला विसरू नका.
तुमची,
आयनो